बिनबर्फाचा हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या परिसरात दवबिंदू गोठले. सोबत फोटो असतो. जीपच्या टपावर पांढरा थर, बोटींच्या धक्क्याच्या फळ्यांवर पांढरा चुरा, स्ट्रॉबेरीच्या पानांना पांढरी किनार. उजाडायच्या आत पोचलेले पर्यटक तो थर नखानं खरवडून तळहातावर घेतात आणि फोटो काढून होईपर्यंत त्याचं पाणी होतं. ऊन चढलं की काठावर फक्त ओलं गवत उरतं.

त्याच बातमीत खाली किमान तापमान दिलेलं असतं, सहा किंवा सात अंश. वाचक बुचकळ्यात पडतो. पाणी शून्याला गोठतं, मग सात अंशांना हे बर्फ आलं कुठून?

दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. तो हवेचं तापमान सांगतो, गवताचं नाही. निरभ्र रात्री जमीन, गवताची पाती, जीपचा पत्रा हे सगळे आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतात. पात्याची आणि पत्र्याची जाडी ती किती, साठा ती किती! तो तासा-दोन तासांत संपतो आणि ती वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होते. त्यात वेण्णाचा काठ खोलगट. गार हवा जड असते, ती उतारांवरून घसरत खाली येते आणि वारा नसेल तर तिथेच साचते. वर बाजारपेठेत सात अंश असताना तलावाकाठच्या गवतावर शून्य होतं ते असं. रात्री ढग आले किंवा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी ती बातमी येत नाही. ढग जमिनीची उष्णता परत खाली धाडतात आणि वारा गार हवेला साचू देत नाही.

सातारा-सांगलीच्या वाट्याचं बर्फ ते एवढंच. तरी या दोन जिल्ह्यांतल्या घरांनी थंडीचा बंदोबस्त केलेला आहे आणि तो बर्फाच्या मुलखातल्या बंदोबस्ताहून मुळातच निराळा आहे. तिकडे ऊब घरात कोंडतात. इकडे ती अंगावर घेतात, ताटात वाढतात आणि अंगणात पेटवतात. असं का, त्याचा हा हिशेब.

रात्रीपुरती थंडी

जानेवारीत सांगलीला दुपारी पारा तीसच्या आसपास असतो. पहाटे तोच बारा-चौदावर येतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली तर दहाच्या खालीही जातो. साताऱ्याचं, कराडचं, विट्याचं गणित थोड्याफार फरकानं हेच. म्हणजे एकाच दिवसात सोळा-अठरा अंशांची उलथापालथ. दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून भांगलण करणारी बाई संध्याकाळी सात वाजता पदर कानावरून घट्ट लपेटून बसते.

ही उलथापालथ कोरड्या हवेची करणी आहे. परतीचा पाऊस संपला की आकाश मोकळं होतं, हवेतलं बाष्प कमी होतं. दिवसा ऊन अडवायला कुणी नाही आणि रात्री जमिनीची उष्णता अडवायलाही कुणी नाही. मध्येच बंगालच्या उपसागरावरून ढग आले की थंडी एका रात्रीत गायब होते आणि द्राक्षबागायतदाराची झोप उडते, कारण ढगाळ दमट हवेत रोग पडतो. तासगावचा बागायतदार थंडीकडे सुखदुःखाच्या नजरेनं बघत नाही. तो तिच्यात औषधफवारणीचा खर्च बघतो.

थंडी रात्रीपुरती असेल तर घर कसं बांधावं? माणदेशातल्या जुन्या माळवदी घरानं याचं उत्तर दिलं आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला पाऊस कमी, म्हणून छप्पर उतरतं असण्याची गरज नाही. सपाट धाबं, त्यावर मातीचा जाड थर, आणि हात-दीड हात जाडीच्या भिंती. जाड मातीची भिंत सावकाश तापते आणि सावकाश निवते. दुपारचं ऊन बाहेरून आत झिरपायला आठ-दहा तास घेतं, म्हणजे ऐन रात्री आतली बाजू कोमट असते. उन्हाळ्यात हीच भिंत दुपारी घर गार ठेवते. एका भिंतीत दोन ऋतूंची सोय झाली, तिथे वेगळी शेगडी कोण बांधणार?

भिंतीतली शेकोटी आणि छपरावरचं धुराडं बघायचं तर महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांत जावं लागतं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८-२९ च्या सुमारास साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलखातलं हे पठार थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं. साहेब आपल्या देशातल्या घराचा नकाशा डोक्यात घेऊन आला होता. त्या नकाशात ऊब खोलीची असते. खाली वाईच्या वाड्यात ती माणसाची असते.

आणखी एक गोष्ट. स्वस्थ बसलेला माणूसही साधारण शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सतत बाहेर टाकतो. माजघरात ओळीनं अंथरुणं टाकून सहा-सात माणसं झोपली की त्या खोलीत अर्ध्या किलोवॅटच्या आसपासची शेगडी रात्रभर चालू असते आणि तिला रॉकेल लागत नाही. कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत सोप्याला लागूनच गोठा असे. बैल चोरीला जाऊ नयेत हे त्याचं पहिलं कारण. पण बैलाचं अंग माणसाच्या कितीतरी पट उष्णता देतं, हा फायदा थंडीत फुकटात पदरी पडे. शेणामुताच्या वासाचं काय, असं आता विचारलं जाईल. त्या घरात जन्मलेल्याला तो वास येतच नसे.

अंगावरची ऊब

हिवाळ्यातली इथली सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे घोंगडं. ते माणदेशात होतं, कारण त्याला लागणारी मेंढीही तिथेच आहे. दख्खनी मेंढी अंगानं काटक, दुष्काळी माळावर जगणारी, आणि तिची लोकर काळी, जाडीभरडी. तलम शालीसाठी ती कुचकामाची; घोंगड्यासाठी मात्र हवी तशी.

धनगर वर्षातून दोनदा मेंढ्या कातरतो. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ, म्हणून जावळाच्या घोंगड्याला मान आणि किंमत दोन्ही जास्त. लोकर पिंजायची, सूत काढायचं हे बहुधा घरातल्या बायकांचं काम. विणकाम सणगराकडे. सणगराचा माग खड्ड्यातला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो आणि हातानं धोटा फेकतो. सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवले की चिकट पेज होते. ती कुंच्यानं ताणलेल्या सुतावर चढवली की केसाळ सूत एकमेकांत अडकत नाही आणि घोंगड्याला ताठपणा येतो. नवं घोंगडं अंगाला टोचतं ते लोकरीमुळे आणि या खळीमुळेही. वापरता वापरता खळ निघून जाते आणि घोंगडं वळणावर येतं. म्हसवडच्या बाजूला अजूनही हा माल मिळतो, पण माग चालवणारे हात कमी झाले आहेत.

हे भरड कापड उबदार का? लोकरीचा तंतू सरळ नसतो, त्याला वळ्या असतात. अशा हजारो तंतूंच्या मध्ये हवा अडकून बसते, आणि अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. ऊब लोकर तयार करत नाही. ऊब अंगाची असते, लोकर तिला जाऊ देत नाही. दुसरा गुण याहून मोलाचा. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं बाष्प पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि ते बाष्प शोषून घेताना थोडी उष्णताही सोडते. दहिवरात भिजलेल्या माळावर रात्र काढणाऱ्या मेंढपाळाला याच कापडाची गरज होती. दिवाळीनंतर माणदेश आणि फलटणकडचे धनगर कळप घेऊन घाट उतरून कोकणात किंवा बागायती पट्ट्यात जातात. रिकाम्या वावरात मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. त्यांचा हिवाळा उघड्यावर जातो. घोड्यावर लादलेला संसार, तीन दगडांची चूल, वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत मेंढ्या, बाहेर घोंगड्यात माणूस आणि पायथ्याशी कुत्रा.

घरात राहणाऱ्यांची दुसरी वस्तू म्हणजे वाकळ. इतर ठिकाणी तिला गोधडी म्हणतात. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवायचे. जुनं कापड मुद्दाम वापरतात, कारण ते धुवून धुवून मऊ झालेलं असतं. पाच-सहा पदरांमध्ये हवेचे पाच-सहा पातळ थर राहतात, तत्त्व घोंगड्याचंच. वाकळ शिवायला चार बायका अंगणात उन्हाला बसल्या की कुठला तुकडा कुणाच्या लग्नातल्या लुगड्याचा, याची उजळणी टाक्याबरोबर चालते. आता सोलापूरच्या चादरी आणि पानिपतची ब्लँकेटं बाजारात ढिगानं आहेत. तरी बाळंतिणीच्या आणि तान्ह्या पोराच्या अंथरुणात वाकळच लागते.

ताटातली ऊब

थंडी पडली की भाकरीचा रंग बदलतो. ज्वारीची पांढरी भाकरी मागे पडते, बाजरीची करडी-हिरवी पुढे येते. बाजरी उष्ण, म्हणून थंडीत खावी, असं घरोघर सांगतात. त्याला जोड देणारी दोन साधी कारणं आहेत.

पहिलं शेताचं. बाजरी खरिपाचं पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते आणि दिवाळीनंतर घरात नवी बाजरी असते. ज्वारी रब्बीची, तिची नवी रास फेब्रुवारी-मार्चशिवाय घरात येत नाही. दुसरं पिठाचं. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास, ज्वारीच्या दुपटीहून जास्त. दळल्यावर हा स्निग्धांश हवेच्या आणि धान्यातल्याच पाचकद्रव्यांच्या तावडीत सापडतो आणि पीठ कडू पडतं. म्हणून बाजरी थोडी थोडी दळून आणतात. थंडीत ही क्रिया मंदावते, पीठ जास्त दिवस टिकतं. उन्हाळ्यात आठवड्याचं पीठ कडवट लागलं की दोष गिरणीवाल्याला देतात, तो बिचारा निर्दोष असतो.

जास्त स्निग्धांश म्हणजे जास्त ऊर्जा. त्यावर लोण्याचा गोळा आणि तीळ. तिळात निम्मं तेल असतं. शंभर ग्रॅम तिळात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, हे सगळं एका ताटात येतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगं, बोरं, शेंगदाणे, उसाचे करवे असं त्या आठवड्यात रानात जे जे असेल ते घालून केलेली मिसळभाजी. साताऱ्या-सांगलीकडे तिला खेंगाट म्हणतात. न खाई भोगी तो सदा रोगी, असं आजी दटावते आणि वांगं न खाणारं पोरही त्या दिवशी निमूट खातं. भोगीचं ताट म्हणजे त्या शिवाराची जानेवारीतली यादी आहे.

हे ताट जिथे वाढतात ती जागाही महत्त्वाची. थंडीत जेवणाची पंगत माजघरातून सरकत सरकत चुलीपुढे येते. तव्यावरची भाकरी पुरती भाजत नाही. तिला शेवटी तव्यावरून काढून आहारावर, म्हणजे निखाऱ्यांसमोर, चुलीच्या तोंडाशी उभी करतात. तिथे ती टम्म फुगते आणि तिथून थेट ताटात. भाकरी थापणारी बाई, ताट घेऊन बसलेली पोरं आणि पाट टाकून चुलीला पाठ लावलेला म्हातारा, सगळे चार फुटांत. घरातली सगळ्यात उबदार जागा हीच आणि रात्रीच्या गप्पांची जागाही हीच. जेवणं उरकली की राख निखाऱ्यांवर ओढून ठेवतात. राखेखाली निखारा हळू जळतो आणि पहाटे फुंकर घातली की पुन्हा फुलतो. मग बाहेर न्हाणीपाशी बंब पेटतो, त्यात शेणी, तुरकाट्या, वाळकं चिपाड, हाताला लागेल ते. गावावर पहाटे जो निळा धूर तरंगतो तो या बंबांचा आणि चुलींचा. गार हवेच्या थरामुळे तो वर जात नाही, छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो. दिसायला तो सुंदर असला तरी फुंकणीनं चूल पेटवणाऱ्या बाईच्या छातीत रोज किती गेला हे डॉक्टर सांगतात. गॅस आला तेव्हा चुलीपुढची ऊब गेली याचं दुःख बहुतेक पुरुषांनी केलं.

अंगणातली आणि रानातली ऊब

बर्फाच्या मुलखात हिवाळा म्हणजे शेतीला सुट्टी. सातारा-सांगलीत तो ऐन हंगाम. ऊस तुटतो, गूळ शिजतो, हळद निघायला लागते, द्राक्षं भरतात, शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, कणीस दुधात येतं. माणसानं घरात बसायचं म्हटलं तरी बसता येत नाही. म्हणून इथला जाळ कामाच्या जागी पेटतो आणि माणसं त्याच्याभोवती जमतात.

हुरड्याची आगटी त्यातली सगळ्यांच्या आवडीची. शाळूचं कणीस जानेवारीत एका नेमक्या टप्प्यावर असतं. दाण्यातलं दूध घट्ट झालेलं, पण पीठ अजून झालेलं नाही. त्या वेळी दाण्यात साखर असते. पुढच्या काही दिवसांत तिचं पिष्टमय पदार्थात रूपांतर होतं आणि गोडी जाते. म्हणून हुरड्याचे दिवस मोजके. गूळभेंडीसारखे वाण खास हुरड्यासाठी बांधाकडेनं चार ओळी पेरतात. जमिनीत उथळ खड्डा, त्यात शेणी पेटवून त्यांचा लाल विस्तव होऊ द्यायचा. जाळ नको, धूर नको. कणसं त्या विस्तवात खुपसायची, फिरवायची आणि गरम असतानाच तळहातावर चोळायची. चोळणाऱ्याचे हात भाजतात, खाणाऱ्याचे नाही. म्हणून चोळायला घरचा माणूस बसतो आणि पाहुण्याच्या पुढ्यात दाणे पडत राहतात. सोबत लसणाची चटणी, शेंगदाणे, गूळ, दही. शेणीच्या विस्तवाची आच मंद आणि एकसारखी असते, लाकडासारखी भडकत नाही, म्हणून दाणा आतपर्यंत भाजतो आणि करपत नाही.

मोठा जाळ गुऱ्हाळावर. कराड, वाळवा, शिराळा हा पट्टा उसाचा. आता बहुतेक ऊस कारखान्याला जातो. गुऱ्हाळं कमी झाली, पण संपलेली नाहीत. चरकातून निघालेल्या रसात ऐंशी टक्के पाणी असतं आणि ते सगळं उडवल्याशिवाय गूळ होत नाही. एवढं जळण आणायचं कुठून? उसातूनच. चरकातून निघालेलं चिपाड उन्हात वाळवायचं आणि तेच चुलवणात सारायचं. एक टन उसातून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो आणि तो शिजवायला लागणारं जळण त्याच उसाच्या अंगचं असतं. ज्याच्या हाती चुलवणाचं तोंड तो माणूस थंडीच्या रात्रीत उघड्या अंगानं घामेजलेला असतो.

काहिलीपाशी गुळव्या. रानभेंडीच्या खोडाचं बुळबुळीत पाणी रसात घातलं की मळी वर येते. ती तो झाऱ्यानं काढत राहतो. रस उकळतो, फेसाळतो, पिवळा होतो. एकशे पाच अंशांच्या आसपास काकवी, एकशे पंधरा ते अठरा अंशांना गूळ. जुन्या गुळव्याकडे तापमापक नसतो. तो पळीभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळतो, भांड्यावर आपटून आवाज ऐकतो आणि ओरडतो, "उतरा!" मग चार जण काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. थोडा उशीर झाला तर गूळ करपट, थोडी घाई झाली तर ढेप धरत नाही. रात्रीच्या पाळीला गावातली रिकामी माणसं इथे येऊन बसतात. कुणाला गरम काकवी, कुणाला नुसती चुलवणाची आच. निवडणुकीची गणितं, ऊसदर, कुणाच्या पोराचं लग्न जमलं, सगळं इथे शिजतं.

याच उसाच्या फडाशेजारी हिवाळ्याचं आणखी एक घर दिसतं. दसरा-दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, अहिल्यानगर आणि जत-आटपाडीकडूनही, ऊसतोड कामगार कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. बांबूच्या चटया, वर पाचट किंवा ताडपत्री, एकाच माणसाला वाकून जाता येईल असं दार. जाड भिंत नाही, माजघर नाही, राखेखाली निखारा जपायला वेळ नाही. नवरा-बायकोचा एक कोयता पहाटेच्या अंधारात फडात जातो, तेव्हा पाचटावर दहिवर असतं आणि पहिल्या तासातच कपडे भिजतात. कोपीसमोरची चूल आणि तिच्या भोवती बसलेली पोरं एवढीच त्या घराची ऊब. इथला हिवाळा सौम्य आहे असं म्हणताना तो कुणासाठी सौम्य आहे, हे पाहावं लागतं.

खरी घरकोंडी पावसाची

बर्फाळ प्रदेशातल्या हिवाळ्याशी ज्याची तुलना व्हावी असा ऋतू सातारा जिल्ह्यात आहे, फक्त तो जूनमध्ये सुरू होतो. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा हिस्सा जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांत. २२ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पडला. दहिवडीकडे वर्षभरात जेवढा पडतो त्याहून हा एका दिवसाचा आकडा मोठा. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांची ही कथा. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव इथे दरडी कोसळून घरं माणसांसकट गाडली गेली.

घाटमाथ्यावर, जावळीच्या रानात, कोयनेच्या खोऱ्यात, शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात चार महिने सूर्य क्वचित दिसतो. धुकं दारातून आत येतं. भिंतींना पाणी सुटतं, मीठ पाझरतं, काड्यापेटी ओलावते. जलाशयापलीकडच्या गावांना बाजार गाठायचा तर लाँचेवर आणि पाण्याच्या लहरीवर अवलंबून. इथे मात्र घरानं बर्फाच्या मुलखातल्या घरासारखंच वागायला सुरुवात केली. पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या झडी बांधायच्या, म्हणजे तिरपा पाऊस भिंतीला लागत नाही. मे महिन्यात लाकूडफाटा पडवीत रचून ठेवायचा. तांदूळ, नाचणी, वरी, कुळीथ, मीठ-मिरची, सुकट-बोंबील भरून घ्यायचं. उन्हात वाळवलेले सांडगे, पापड, कुरडया डब्यात. या बेगमीला चुकलेला माणूस आषाढात शेजाऱ्याच्या दारात उभा राहतो. चूल दिवसभर विझत नाही, कारण तिच्यावर स्वयंपाकाबरोबर कपडेही वाळायचे असतात. माळ्यावरचं बियाणं धुरानं कोरडं राहतं, कीड लागत नाही, छपराचं लाकूडही टिकतं. आणि शेतात जाताना तेच घोंगडं एका कोपऱ्यातून दुमडून खोळ करून डोक्यावर घ्यायचं. माणदेशातला मेंढपाळ ज्या कापडात थंडी काढतो, त्यातच जावळीतला शेतकरी पाऊस काढतो.

म्हणजे घरात ऊब कोंडायची कला इथल्या लोकांना येत नव्हती असं नाही. ती त्यांनी जिथे लागली तिथे वापरली.

माणदेशातून बर्फात

ज्यांना खरं बर्फ भेटलं अशीही या भागातली माणसं आहेत. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव आणि साताऱ्याकडचा खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातून गलाईचा धंदा करणारी कुटुंबं देशभर पसरली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. सराफ कट्टा असेल त्या गावी विट्याकडचा गलाईवाला सापडतो, आणि श्रीनगरही त्याला अपवाद नाही.

काश्मीरचा हिवाळा मोजून मापून येतो. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ले कलान, पुढे वीस दिवस चिल्ले खुर्द, मग दहा दिवस चिल्ले बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांत श्रीनगरची रात्र बहुधा शून्याखाली असते, नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फ धरतं, जम्मूकडचा रस्ता अधूनमधून बंद पडतो. म्हणून तिथली बाई उन्हाळ्यात दुध्या भोपळा, वांगी, टोमॅटो, शलगम चिरून दोऱ्यांत ओवून वाळवते. माणदेशी बाई चैत्रात सांडगे घालते त्यामागचा हिशेब वेगळा नाही.

पण घर कोंडून बसण्याच्या त्या मुलखातही सगळ्यात जुनी सोय खोली तापवण्याची नाही. विणलेल्या टोपलीत बसवलेलं मातीचं भांडं, त्यात कोळशाचे निखारे आणि राख. ही कांगडी माणूस फेरनच्या आत पोटाशी धरून बसतो, चालतो, दुकानही चालवतो. वर्षानुवर्षं ती आच एकाच जागी लागून मांड्यांना आणि पोटाला त्वचेचा कर्करोग होतो, हे डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकापासून नोंदवलं आहे. तरी ती टिकली, कारण लाकूड महाग आणि हिवाळा लांब. मूठभर निखाऱ्यात एक माणूस दिवस काढतो. तेवढ्यात एक खोली अर्धा तासही तापत नाही.

गलाईवाल्याला कांगडी समजायला वेळ लागत नसावा. निखारा राखेखाली जपून हवा तेवढाच फुलवणं त्याच्या घरात चुलीपाशी रोज चालायचं, आणि आचेचं मोजमाप तर त्याचा धंदाच. थंडीच्या बंदोबस्तात खरा फरक बर्फ पडतं की नाही याचा नाही. थंडी किती काळ मुक्कामाला आहे आणि हाताशी जळण किती, याचा आहे. रात्रीपुरती असेल तर घोंगडं, भाकरी आणि आगटी पुरते. चार महिन्यांची असेल, मग ती पावसाची का असेना, तर झडी, बेगमी आणि न विझणारी चूल. सातारा-सांगलीत दोन्ही आहेत, शे-दीडशे किलोमीटरच्या अंतरात. आता दोन्हीकडे सिमेंटची सारखीच घरं उठत आहेत, पातळ भिंतींची, पावसाला गळणारी आणि थंडीत लवकर गार पडणारी. त्यांत गीझर आहे, ब्लँकेट आहे, टीव्ही आहे. त्या घराला आपण कुठल्या गावात उभे आहोत हे मात्र ठाऊक नसतं, आणि त्याची भरपाई विजेच्या बिलात होते.